डिप्लोमावाल्यांचा एम थ्री का राहतो

सांगलीच्या एका मुलाचं पत्र आलंय. डिप्लोमा करून पुण्यात डायरेक्ट सेकंड इयरला, ब्रँच ईअँडटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. थर्ड सेमला एम थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं गणित, राहिला, 70 पैकी 17. आता फोर्थ सेमच्या पेपरांबरोबर तोही द्यायचाय आणि हातात 24 दिवस. "डिप्लोमाला 86 टक्के होते सर, इथे सगळं डोक्यावरून जातं. रात्री तीनपर्यंत पुस्तक घेऊन बसतो, झोप येत नाही. घरी सांगितलेलं नाही. डिग्री सोडून चाकणला कंपनीत लागू का?" सोबत पेपरची फोटोकॉपी.

मित्रा, फोटोकॉपी पाठवलीस ते फार बरं केलंस. न्युमरिकल मेथड्सच्या प्रश्नात सिम्पसनचा फॉर्म्युला बरोबर लिहिलायस, टेबलही नीट आखलंय आणि साईन पाय बाय एटच्या समोर लिहिलंयस 0.0069. तिथे 0.3827 यायला हवं. कॅल्सी रेडियनऐवजी डिग्री मोडवर होता रे! पद्धत येत होती पण पुढचा प्रत्येक आकडा चुकत गेला. दरवर्षी असे एक-दोन पेपर बघतो आणि दरवर्षी जीव हळहळतो.

व्हेक्टरच्या पानावर मात्र दुखणं वेगळं आहे. ग्रेडियंटचा फॉर्म्युला लिहिलास आणि पार्शल डेरिव्हेटिव्ह काढताना अडलास. कारण तुम्ही लोक फर्स्ट इयरचे एम वन, एम टू न करता थेट एम थ्रीला बसता, त्यात डायरेक्ट सेकंड इयरचे ॲडमिशन राउंड उशिरा संपतात, तुम्ही वर्गात येईपर्यंत एखादा चॅप्टर होऊन गेलेला असतो, आणि शिकवणारे धरूनच चालतात की मागचं सगळ्यांना येतं. तुला जे कुणी शिकवलंच नाही त्यावरून तू स्वतःला ढ ठरवून टाकलंयस.

तर आधी दोन संध्याकाळी फक्त पार्शल डेरिव्हेटिव्ह. एक व्हेरिएबल धरायचं, बाकीचे कॉन्स्टंट समजायचे, एवढंच आहे ते. त्यावर ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल सुटतं आणि कॉम्प्लेक्स व्हेरिएबलमधलं कॉशी-रीमानसुद्धा. न्युमरिकलला तर मागचं फारसं काही लागतच नाही, रुंगे-कुट्टा म्हणजे कॅल्सी आणि पेशन्स. स्टोक्स, गॉस वगैरे शेवटी ठेव, त्यांना डबल-ट्रिपल इंटिग्रेशन लागतं, वेळ उरला तर बघू. फोर्थ सेमच्या सिग्नल्स अँड सिस्टिम्सची एवढी धास्ती घेऊ नकोस, कॉम्प्लेक्स नंबरचा पोलर फॉर्म आणि पार्शल फ्रॅक्शन पक्कं केलंस की तिथलं लाप्लास बरंच हलकं होतं.

आता तुझी एक सवय मोडायचीये. डिप्लोमाला एमएसबीटीईच्या, म्हणजे डिप्लोमा बोर्डाच्या साईटवर मॉडेल आन्सर मिळायची, ती वाचून पेपर निघायचा. तू इथेही तेच करतोयस, सोडवलेली उदाहरणं वाचत बसतोस, वाचताना सगळं पटतं आणि पुस्तक झाकलं की तिसऱ्या ओळीला गाडी अडते. म्हणून पुस्तक झाकून, कोऱ्या पानावर, दिवसाला पाचच गणितं. आणि साडेअकराला दिवा बंद. तरी झोप लागली नाही, छातीत धडधडायला लागलं तर 14416 ला फोन लाव, टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे सरकारची, चोवीस तास आणि फुकट, मराठीतही बोलतात.

चाकणचं म्हणशील तर डिप्लोमा कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षीही नोकरी मिळेल. पण परीक्षेच्या महिन्यात असा निर्णय घेऊ नये, हे माझं ठाम मत. प्लेसमेंटला बहुतेक कंपन्या बघतात की चालू बॅकलॉग आहे का. सुटलेल्या विषयाबद्दल विचारणाऱ्याही असतात, नाही असं नाही, पण कमी. आणि पुढे एमटेकसाठी गेट परीक्षा द्यायचं मनात आलं तर तिथेही मॅथ्स 13 मार्कांना आहेच, तेव्हा हे गणित आत्ताच मिटव.

घरी या रविवारी फोन कर. वडलांना आकडाही सांग आणि 24 दिवसांचं काय ठरवलंयस तेही सांग. थोडं ओरडतील. निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाकडून कळलं तर जास्त लागेल त्यांना.

त्याच रविवारी मागच्या वर्षीचा पेपर घड्याळ लावून अडीच तासात सोडव आणि पानांचे फोटो मला पाठव, चुकलेली खाडाखोडसुद्धा. बसण्याआधी कॅल्सीच्या स्क्रीनवर वरती रेडियनचा बारीक आर दिसतोय का तेवढं बघ.