कचरा डेपोजवळच्या विहिरीचं दूषित पाणी विजेने शुद्ध करता येतं का?

येतं, पण पाणी उपसून टाकीत घेतलं तरच. तुम्ही विचारलंय तसे इलेक्ट्रोड (पाण्यात वीज सोडणारे धातूचे पत्रे) थेट विहिरीत सोडू नका. पुण्याजवळच्या उरुळी देवाची–फुरसुंगी कचरा डेपोच्या पट्ट्यात खाली बेसाल्ट (काळा खडक) आहे; कचऱ्यातून झिरपलेलं घाण पाणी, म्हणजे लिचेट, मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून विहिरीत येतच राहतं. आज साफ केलेल्या पाण्यात उद्या झऱ्याचं घाण पाणी मिसळणारच.

आधी प्रयोगशाळेतून अमोनिया, क्लोराइड, नायट्रेट, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप), लोह आणि जड धातू तपासून घ्या. हे आकडे हातात आल्याशिवाय कुठलंही यंत्र विकत घेऊ नका, कारण विजेच्या पद्धती दोन आहेत आणि त्यांची कामं वेगळी.

पहिली इलेक्ट्रोकोअ‍ॅग्युलेशन. साध्या लोखंडी पत्र्यांतून डीसी करंट सोडला की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि तुरटीसारखं रंग, गढूळपणा व बरेचसे जड धातू धरून तळाशी बसवतं. एका अँपिअर-तासाला साधारण १.०४ ग्रॅम लोखंड सुटतं. १००० लिटरला ६० ग्रॅम धरलं तर २० अँपिअरवर जवळजवळ तीन तास लागतात. पत्र्यांत १० ते २० मिलिमीटर अंतर ठेवा. २० अँपिअरसाठी अ‍ॅनोडचं (धन टोकाला जोडलेल्या पत्र्यांचं) क्षेत्रफळ २००० चौरस सेंटिमीटर असलं की पुरे. स्टेनलेस स्टीलचे पत्रे अजिबात वापरू नका! त्यातून क्रोमियम आणि निकेल पाण्यात उतरतात, म्हणजे आजार बरा करायला विष दिल्यासारखं. गाळ आधी हिरवट-काळा दिसतो. त्यात हवा सोडली की तो गंजासारखा तांबूस होऊन नीट खाली बसतो. तो हिरवाच राहिला तर हवा कमी पडतेय, आणि वरचं पाणी नितळ दिसलं तरी त्यात लोह विरघळलेलं असतं. आपलं पाणी कठीण असल्याने कॅथोडवर (ऋण टोकाच्या पत्र्यावर) चुन्याचा थर चढतो, व्होल्टेज वाढतं. दर अर्ध्या तासाने करंटची दिशा उलटवा.

अमोनिया याने जात नाही. त्यासाठी दुसरी पद्धत, इलेक्ट्रो-ऑक्सिडेशन: रुथेनियम-इरिडियम ऑक्साइडचा लेप दिलेला टायटॅनियमचा अ‍ॅनोड. इथे दिशा उलटवू नका, लेप खराब होतो. कॅथोडवरचा थर सौम्य आम्लाने धुवा. पाण्यातल्याच क्लोराइडपासून क्लोरीन तयार होतं आणि बहुतेक अमोनियाचा नायट्रोजन वायू होतो. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला ७.६ ग्रॅम क्लोरीन लागतं. लिटरला २० मिलिग्रॅम असेल तर १००० लिटरला १५२ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे कागदावर ११५ अँपिअर-तास. प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट धरा, क्लोराइड कमी असेल तर त्याहून जास्त. डीपीडी चाचणीत (क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं) मुक्त क्लोरीन टिकून दिसेपर्यंत काम झालेलं नसतं. मधल्या टप्प्यावर थांबलात तर क्लोरामाइनचा (क्लोरीन आणि अमोनियाच्या संयुगाचा) उग्र वास राहतो.

क्रम महत्त्वाचा आहे. सेंद्रिय घाण आधी गाळात काढा, मगच क्लोरीन तयार होऊ द्या. नाहीतर क्लोरीन आणि सेंद्रिय घाणीपासून ट्रायहॅलोमिथेन ही घातक रसायनं बनतात. शेवटी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनमधून गाळा. कॅथोडवर हायड्रोजन सुटतो, त्यामुळे टाकी बंद खोलीत ठेवू नका आणि जवळ विडी-काडी पेटवू देऊ नका.

एवढं करूनही टीडीएस आणि नायट्रेट जवळपास तसेच राहतात; नायट्रेट थोडं वाढूही शकतं. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात अमोनियाची मर्यादा लिटरला ०.५ आणि नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम आहे, तेव्हा पिण्यासाठी पुढे आरओ लागेलच. त्याचं टाकाऊ खारं पाणी मात्र विहिरीजवळच्या चरात सोडू नका. तेच पुन्हा झिरपून तुमच्या विहिरीत येईल.