‘जूनमध्ये कळवतो’

बाई सल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा मे महिन्याचा दुसरा आठवडा होता आणि दहा दिवस त्यांना धड झोप लागलेली नव्हती. (त्यांना इथे नुसतं ‘बाई’ म्हणते. त्यांना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नाशिकच्या एका विनाअनुदानित शाळेत त्या आठ वर्षं पाचवी ते सातवीला गणित आणि विज्ञान शिकवत होत्या. दरवर्षी जूनमध्ये नेमणुकीचं पत्र मिळायचं आणि मुदत 30 एप्रिलला संपायची. मे बिनपगारी. जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेचा फोन यायचा, की पुन्हा नवं पत्र. यंदा शेवटच्या दिवशी मुख्याध्यापक एवढंच म्हणाले, “जूनमध्ये कळवतो.”

“मॅडम, दुसरीकडे अर्ज केला आणि शाळेला कळलं, तर ते बोलावणारच नाहीत. नाही केला आणि त्यांनी बोलावलं नाही, तर मी कुठे जाऊ?”

दर उन्हाळ्यात मला हा प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिका भेटतात. पण बाई त्याच्याही पुढे जाऊन म्हणाल्या, “शोधायला लागले, तर मी माझ्याच वर्गाला फसवतेय असं वाटतं.” पर्समधून त्यांनी एक किल्ली काढून दाखवली. प्रयोगाच्या कपाटाची. जमा करायला त्या विसरल्या नव्हत्या, मुद्दाम ठेवली होती. किल्ली आपल्याकडे असली की शाळा बोलावेलच, असं कुठेतरी वाटत होतं.

पहिल्या भेटीत मी सल्ला दिला नाही. त्यांचा दिवस कसा जातो ते विचारलं. सासूबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या, ह्या मदतीला जायच्या, पण फोन कमरेला. मुलांना मामाकडे पाठवलं नव्हतं, कारण फोन आला आणि आपण गावी असलो तर? सबंध घराची सुट्टी एका फोनला टांगलेली होती.

मग आम्ही शाळेच्या बाजूनं पाहिलं. राज्य मंडळाच्या शाळा सहसा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा. प्रवेश पुरे होईपर्यंत किती तुकड्या होतील हे पुष्कळदा संस्थेलाही नक्की ठाऊक नसतं. म्हणजे ‘कळवतो’ हा नकार नव्हता, तसा शब्दही दिलेला नव्हता. बाई मात्र रोज सकाळी त्याचा एक अर्थ लावायच्या आणि रात्री दुसरा. मी म्हटलं, “तुम्हीच फोन करून विचारा.” त्यांना घाम फुटला. आम्ही तीन वाक्यं कागदावर लिहिली, माझ्यासमोर त्यांनी ती चार वेळा म्हटली आणि दुसऱ्या दिवशी फोन लावला. उत्तर आलं, “पाचवीची एक तुकडी कमी होईल असं दिसतंय, आत्ता काही सांगता येत नाही.” त्या रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली, असं त्यांनी सांगितलं. उत्तर चांगलं नव्हतं, पण निदान खरं होतं.

मला इथे राग येतो, तो लपवत नाही. आठ वर्षं वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला दर मे महिन्यात पगाराविना ताटकळत ठेवायचं, हे मला मान्य नाही. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी 1977 चा कायदा आहे, शाळा न्यायाधिकरण आहे; वकिलाशी बोलून पाहा, असं मी सुचवलं. बाई म्हणाल्या, “मला भांडायचं नाही, शिकवायचंय.” तो निर्णय त्यांचा होता. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसऱ्या भेटीत बायोडेटा पाहिला. त्यात एकाच शाळेचं नाव आठ ओळींत आठ वेळा, प्रत्येक वेळी ‘जून ते एप्रिल’. वाचणाऱ्याला वाटावं, बाई दरवर्षी नोकरी सोडतात. आम्ही एकच ओळ केली: ‘एकाच शाळेत सलग 8 शैक्षणिक वर्षं’. अनुभवाचा दाखला त्यांनी कधी मागितलाच नव्हता, तो मागवला. मूळ प्रमाणपत्रं फक्त दाखवायची, ठेवायला झेरॉक्स द्यायची, हेही ठरलं. सीबीएसईच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, त्यामुळे त्यांची बरीच भरती आधीच उरकलेली असते. म्हणून राज्य मंडळाच्या शाळांवर भर दिला. शिवाय जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एखादी शिक्षिका दुसरीकडे गेली की तिची जागा घाईनं भरावी लागते. मे संपला म्हणजे दार बंद झालं असं समजून ज्या हात टेकतात, त्यांना हे आवर्जून सांगते.

पहिला डेमो, म्हणजे नोकरीसाठी घेऊन दाखवायचा नमुना पाठ, फसला. सुट्टीतला रिकामा वर्ग, बाकांवर मुख्याध्यापिका आणि दोन पर्यवेक्षक. बाई प्रश्न विचारून सवयीनं उत्तराची वाट पाहत राहिल्या, समोर कुणी बोलेना, आणि त्यांचा आवाजच गेला. “मुलं नसली तर मला शिकवता येत नाही,” असं म्हणून त्या माझ्याकडे रडल्या. मला त्यात उणीव दिसली नाही. त्या मुलांकडे बघून शिकवतात, एवढंच त्यातून कळत होतं. मग मुलं जमवली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी सात-आठ पोरं, एक सुरी आणि पोह्याचे पापड. पापड मोडून अपूर्णांक. पुढच्या डेमोला त्यांनी मुख्याध्यापिकेलाच म्हटलं, “मॅडम, दहा मिनिटं तुम्ही पाचवीतली मुलगी व्हा,” आणि हातात पापड दिला.

सगळ्यात जास्त सराव मात्र एका प्रश्नाचा केला: “मे महिन्याचा पगार मिळतो का?” तो विचारायची त्यांना लाज वाटायची, पैशाचं बोललं की बाई कमी प्रतीच्या ठरतात, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. पहिल्या दोन शाळांनी ‘नाही’ सांगितलं. तिसरीनं ‘हो’ म्हटलं, पण पगार आधीपेक्षा हजार रुपयांनी कमी. बारा महिन्यांचा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला. गणिताच्याच बाई त्या.

जुन्या शाळेचा फोन आला, पण नव्या शाळेला होकार दिल्यानंतर तीन दिवसांनी. त्या गेल्या, किल्ली जमा केली, दाखला घेतला आणि रिकाम्या वर्गात थोडा वेळ बसून आल्या. मग माझ्याकडे येऊन नवं पत्र टेबलावर ठेवलं आणि मुदतीच्या ओळीवर बोट ठेवलं: 15 जून ते 31 मे.