पासपोर्ट नंतर, आधी तो कागद

प्रश्न : मी 42 वर्षांची, नवरा 47 वर्षांचा. लग्नाला 11 वर्षं झाली. आमचे पासपोर्ट दोन वेगळ्या देशांचे आहेत आणि गेली 6 वर्षं आम्ही नोकरीसाठी तिसऱ्याच देशात राहतो. नवऱ्याला मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे. ओळखीच्या एका बाईंमार्फत चौथ्या देशातली एक गरोदर मुलगी तिचं बाळ आम्हाला द्यायला तयार झाली आहे. तिनं तसं लिहून दिलंय. बाळंतपणाचा खर्च आम्ही करायचा. कागदाचा फोटो जोडला आहे. दत्तक घ्यायला आम्ही पात्र आहोत का?

उत्तर : ताई, पात्रतेकडे येतोच, पण आधी तो कागद बघू. मजकूर इंग्रजीत टाईप केलेला, खाली थरथरत्या हातानं केलेली सही तिच्या भाषेत. तारीख मार्चची, आणि बाळ यायचंय मे महिन्यात! या कागदाला काडीची किंमत नाही. आंतरदेशीय दत्तकविधानाचा 1993 चा हेग करार सांगतो की आईची संमती बाळ जन्मल्यावरच घ्यायची. तीही तिला परिणाम नीट समजावून आणि पैशाचं आमिष न दाखवता. ब्रिटनमध्ये तर बाळ 6 आठवड्यांचं होईपर्यंत आईनं दिलेली संमती धरतच नाहीत. पोटुशी असताना घेतलेला निर्णय बाळ मांडीवर आल्यावर टिकेलच असं नाही, आणि कायदा तसं गृहीत धरत नाही हे मला तरी योग्यच वाटतं.

बाळंतपणाच्या खर्चाचं म्हणाल तर तुमचा हेतू चांगलाच असेल. पण बाहेरून बघणाऱ्याला त्यात बाळाची किंमत दिसते. शिवाय कराराच्या कलम 29 नुसार मुलाच्या जन्मदात्यांशी परस्पर बोलणी करायलाच मनाई आहे. अपवाद मुख्यतः नात्यातल्या दत्तकाचा, किंवा तिथल्या अधिकाऱ्यांनी अटी घालून भेटू दिलं तर. तेव्हा पैसे पाठवणं आजच थांबवा. झालेले मेसेज आणि पैशांच्या पावत्या मात्र पुसू नका. कुणी विचारलंच तर जे घडलं ते सरळ सांगायचं.

आता पात्रता. तुमच्या पत्रात चार देश आहेत, त्यातले दोन, म्हणजे पासपोर्टांचे, तूर्त बाजूला ठेवा. हेग करारात नागरिकत्वापेक्षा नेहमीचं वास्तव्य महत्त्वाचं. तुम्ही 6 वर्षं जिथे राहताय तिथल्या केंद्रीय प्राधिकरणाकडे, म्हणजे त्या देशानं या करारातली दत्तकाची कामं बघायला नेमलेल्या कार्यालयाकडे, अर्ज करायचा, आणि तुम्ही पात्र व योग्य आहात की नाही हे त्याच देशानं ठरवायचं. बरेच जण मायदेशातला पत्ता दाखवून तिथून अर्ज रेटायला बघतात आणि वर्षभरानं फाईल परत येते.

पण पासपोर्ट मागच्या दारानं पुन्हा आत येतो. काही देशांच्या स्वतःच्याच अटी असतात. अमेरिकेत राहून या करारानुसार मूल आणायचं तर नवरा-बायकोपैकी एक जण तरी अमेरिकी नागरिक लागतो. आणि तुमच्यासारख्यांची गाडी जिथे खरी अडते ती अट वेगळीच आहे : मुलाला तुमच्या राहत्या देशात येऊन कायमचं राहायची परवानगी मिळणार, याची खात्री आधी हवी. तुम्ही दर दोन-तीन वर्षांनी नवा करून घ्यावा लागणाऱ्या कामाच्या परवान्यावर असाल, तर वयापेक्षा हाच प्रश्न मोठा. व्हिसा कुठला, ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

वयाचं गणित प्रत्येक देशाचं निराळं असतं, आणि राहत्या देशाबरोबर मुलाच्या देशाचीही अट पाळावी लागते. कोलंबियात दत्तक घेणारा किमान 25 वर्षांचा आणि मुलापेक्षा 15 वर्षांनी मोठा लागतो. भारतात दांपत्याच्या वयांची बेरीज बघतात : 2 वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती 85 च्या आत, 2 ते 4 वर्षांच्या मुलासाठी 90, पुढे 8 वर्षांपर्यंत 100. तुमची बेरीज 89. म्हणजे तिथे तान्हं बाळ तुम्हाला मिळणार नाही, 3 वर्षांचं मूल मिळू शकतं, आणि तेही पुढच्या वाढदिवसांआधी नोंदणी झाली तर. दोघांचे वाढदिवस झाले की बेरीज 91. तुम्हाला तान्हंच हवंय हे पत्रात जाणवतं. त्यावर दोघांनी बसून बोला, कारण आंतरदेशीय दत्तकात बहुतेकदा थोडी मोठी किंवा आजारपण असलेली मुलंच असतात.

मधुमेह लपवू नका. घरी येणारी समाजसेविका वैद्यकीय अहवाल मागणारच. आटोक्यातल्या मधुमेहानं सहसा अडत नाही, लपवलेल्यानं अडतं.

देश निवडताना तो अजून दारं उघडी ठेवून आहे का, ते आधी तपासा. इथिओपियानं 2018 मध्ये परदेशी दत्तक बंद केलं. चीननं 2024 मध्ये, जवळच्या नात्यातले अपवाद सोडून.

या आठवड्यात एकच काम करा. राहत्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाला पत्र लिहून दोन प्रश्न विचारा : आमच्या व्हिसावर अर्ज घेता का, आणि कोणत्या देशांबरोबर सध्या काम चालू आहे? तो देश करारात नसेल तर मला पुन्हा लिहा, तिथली वाट वेगळी आहे.

आणि ती मुलगी. बाळ द्यायचंच असं तिनं खरोखर ठरवलं असेल, तर तिनं तिच्याच देशातल्या बालकल्याण यंत्रणेकडे जावं. तिथे आधी त्याच देशात घर शोधतील, परदेशाचा विचार त्यानंतर. ते बाळ तुमच्याच पदरात पडेल अशी हमी त्या ओळखीच्या बाई अजूनही देत असतील, तर त्यांचा फोन घेऊ नका.