जुन्या व्हिडिओ फाइलींचा आवाज डीव्हीडीसाठी कसा तयार करावा?

तुमच्याकडे लग्नाच्या दोन व्हीसीडी, छोट्या डिजिटल कॅमेऱ्याच्या काही एव्हीआय फाइली आणि मिनी-डीव्ही कॅसेटवरून उतरवलेले चित्रण आहे. हे सगळे एका डीव्हीडीवर आणताना आवाज चित्राशी जुळत नाही आणि काही फाइलींचा आवाज ऑथरिंगचे (म्हणजे फाइलींतून डीव्हीडी तयार करण्याचे) सॉफ्टवेअर स्वीकारतच नाही, असे तुम्ही लिहिले आहे. माझे मत स्पष्ट आहे. प्रत्येक फाइलीतील आवाज आधी चित्रापासून वेगळा काढावा, तो ४८ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला ४८ हजार नमुने असलेल्या) साध्या, दाब न दिलेल्या वेव्ह फाइलीत आणावा, सगळी दुरुस्ती त्या वेव्ह फाइलीतच करावी आणि डीव्हीडीला लागणारे स्वरूप अगदी शेवटी, एकदाच द्यावे. हे रूपांतर ऑथरिंग सॉफ्टवेअरवर सोडले, तर दोष मूळ फाइलीत होता की रूपांतरात शिरला, हे नंतर कळत नाही.

सॉफ्टवेअर आवाज नाकारते त्याचे कारण साधे आहे. डीव्हीडीवर ध्वनी ४८ किलोहर्ट्झचाच लागतो (पीसीएमसाठी, म्हणजे दाब न दिलेल्या ध्वनीसाठी, तेवढी ९६ किलोहर्ट्झची मुभा आहे). व्हीसीडीवरील ध्वनी मात्र ४४.१ किलोहर्ट्झचा असतो, काही जुन्या एव्हीआयमध्ये एमपी३ असते आणि एमपी३ला डीव्हीडीच्या मानकात स्थानच नाही. मिनी-डीव्हीवर ४८ किलोहर्ट्झ १६ बिट किंवा ३२ किलोहर्ट्झ १२ बिट असे दोन पर्याय असत, आणि अनेक हँडीकॅम दुसऱ्या पर्यायावरच लावलेले येत. त्यामुळे एकाच घरच्या चित्रणात तीन-चार प्रकारचे ध्वनी सापडणे स्वाभाविक आहे. फाइलीत नेमके काय आहे ते मीडियाइन्फोसारख्या साधनात आधी पाहून घ्या. आवाज वेगळा काढून ४८ किलोहर्ट्झवर आणण्याचे काम एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर चोख करते. येथे खरे पुनर्नमुनाकरण (ध्वनीचे नमुने नव्या दराने पुन्हा मोजून काढणे) व्हायला हवे, ४४.१ किलोहर्ट्झच्या ध्वनीवर नुसता ४८चा शिक्का मारला, तर एका तासाचा आवाज सुमारे ५५ मिनिटांत संपतो आणि सनईचा सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने (सेमीटोनने) चढतो.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे आवाज आणि चित्र यांच्या न जुळण्याचा. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी हा दोष कोणत्या जातीचा आहे ते ठरवा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. चित्रणाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी असे तीन क्षण शोधा, ज्यांत आघात दिसतोही आणि ऐकूही येतो. लग्नाच्या चित्रणात ताशावर पडणारी काडी किंवा टाळी यासाठी उत्तम. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिरेषा मोठी करून पाहिली की त्या जागी सरळ उभा सुळका दिसतो. आपल्याकडच्या पाल या चित्रपद्धतीत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणून काडी टेकलेली फ्रेम आणि तो सुळका यांतील अंतर सहज मोजता येते.

तिन्ही ठिकाणी अंतर सारखेच निघाले, तर सुरुवातीला तेवढी शांतता जोडली किंवा कापली की काम झाले. अंतर हळूहळू वाढत असेल, तर आवाज आणि चित्र मोजणाऱ्या यंत्रांच्या घड्याळांचा फरक आहे. समजा, आरंभी सगळे जुळलेले आहे आणि अर्ध्या तासाच्या शेवटी आवाज १.८ सेकंद मागे पडतो. म्हणजे तो ०.१ टक्क्याने लांबला आहे आणि तेवढाच आखूड करायला हवा. असा किरकोळ फरक घालवताना ऑडॅसिटीतील वेग बदलण्याची सोय वापरा, लय बदलण्याची नको. वेगाबरोबर सूर किंचित सरकतो, पण ०.१ टक्का कोणाच्या कानाला कळत नाही; लय बदलताना मात्र आवाजाचे तुकडे कापून पुन्हा सांधले जातात आणि तबल्याची थाप फिसकटते. तिसरा प्रकार त्रासाचा आहे: आवाज ठीक चालता चालता एका जागी एकदम उडी मारतो. बहुतेक वेळा कॅसेट उतरवताना तिथे काही फ्रेम गळलेल्या असतात. हा दोष ताणून जात नाही. त्या जागी तुकडा पाडून पुढचा भाग सरकवावा लागतो. आवाज चित्राच्या मागे थोडा राहिला तर डोळा सोसतो, पण पुढे गेलेला लगेच खटकतो, म्हणून शंका असेल तिथे आवाज किंचित मागे ठेवा.

दोन व्हीसीडी जोडताना एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. प्रत्येक फाइलीतील आवाजाची लांबी चित्राएवढी असतेच असे नाही. आधी प्रत्येक तुकड्याचा आवाज त्याच्या चित्राच्या लांबीला नेमका आणा आणि मगच तुकडे जोडा, नाहीतर प्रत्येक सांध्यावर फरक साचत जातो.

साफसफाईत हात आखडता ठेवा. आपल्याकडच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर अरुंद फिल्टरने काढता येते, पण व्हीसीडीचा आवाज आधीच दाबलेला असल्याने खरखर काढण्याची साधने जोरात चालवली की माणसे पाण्यातून बोलल्यासारखी वाटतात. आवाज एकाच कानात असेल, तर तो दोन्ही बाजूंना घ्या. सगळ्या तुकड्यांची पातळी कानाने सारखी करा आणि सर्वांत मोठा आघात उणे ३ डेसिबलच्या आत ठेवा.

शेवटी सेकंदाला १९२ किंवा २५६ किलोबिटचा स्टिरिओ एसी-३ (डॉल्बी डिजिटल हे दाबलेले ध्वनिस्वरूप) करा. पीसीएम ठेवले तर एका तासाला सुमारे ६९० मेगाबाइट जातात आणि तेवढी जागा चित्राला कमी पडते. १९२ किलोबिटच्या एसी-३ला सुमारे ८६ मेगाबाइट पुरतात. एसी-३ करताना संवादपातळीचा आकडा (सॉफ्टवेअरमध्ये डायलॉग नॉर्मलायझेशन किंवा डायलनॉर्म) उणे ३१ ठेवा. उणे २७ राहिला, तर प्लेअर आवाज ४ डेसिबलने खाली आणतो. डीव्हीडीवरील एका शीर्षक-संचातील (टायटल सेट, म्हणजे एकत्र ठेवलेल्या चित्रणांचा गट) सगळ्या चित्रणांचा ध्वनी एकाच प्रकारचा असावा लागतो, म्हणून कोणताही तुकडा वेगळ्या स्वरूपात सोडू नका.

हीच डीव्हीडी अमेरिकेतील नातेवाइकांना एनटीएससी पद्धतीत पाठवायची असेल, तर एमपी२ हे ध्वनिस्वरूप टाळा, कारण तिकडच्या प्लेअरने ते वाजवलेच पाहिजे असे बंधन नाही. एसी-३ दोन्हीकडे चालते. चित्राचे रूपांतर करताना एकूण वेळ तीच राहिली, तर तयार केलेला एसी-३ तसाच वापरता येतो. चित्राचा वेगच बदलून २५ फ्रेमचे २३.९७६ केले असतील, तर वेळ ४ टक्क्यांहून अधिक वाढते आणि वेव्ह फाइलीपासून आवाज पुन्हा तयार करावा लागतो. म्हणून दुरुस्त केलेल्या वेव्ह फाइली जपून ठेवा.