‘कार्डाचं काहीतरी’ करणारा मुलगा

प्रश्न : मी धंतोलीत एका सीएंच्या ऑफिसात पंधरा वर्षं काम करतो. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लिनक्ससाठी स्मार्ट कार्डाचं ‘पॅकेजिंग’ की काय ते करत बसतो. पैसे मिळत नाहीत. त्याचे मित्र प्लेसमेंटच्या तयारीला लागलेत. विचारलं तर म्हणतो, ‘बाबा, तुम्हाला नाही समजणार.’ यात काही भविष्य आहे का?
— एक पालक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : तुम्हाला समजणार नाही, हे चिरंजीवांचं म्हणणं मला पटलेलं नाही. तुमच्या टेबलाच्या खणात अशिलांची डीएससी, म्हणजे डिजिटल सहीची टोकनं असतीलच. ई-टेंडर, कंपन्यांचे फॉर्म, रिटर्न, सगळ्या सह्या त्यांच्यावर. त्या टोकनात असते ती स्मार्ट कार्डाचीच चिप. शेवटच्या तारखेला ‘टोकन डिटेक्ट होत नाही’ म्हणून तुम्ही किती वेळा कपाळाला हात लावला असेल, ते तुम्हीच जाणे. मुलगा झगडतोय ते याच दुखण्याशी, फक्त विंडोजऐवजी लिनक्सवर.

लिनक्सवर कार्ड चालायला तीन तुकडे जुळावे लागतात. कार्ड वाचणाऱ्या यंत्राशी, म्हणजे रीडरशी बोलणारा सीसीआयडी ड्रायव्हर, मधे बसून रीडर कुणाच्या हाती कधी द्यायचा ते बघणारी पीसीएससीडी ही सेवा, आणि कार्डाची भाषा जाणणारं ओपनएससी. कोड तयार असतो, पण तो डेबियन किंवा फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांत एका कमांडने बसावा म्हणून कोणत्या आवृत्तीला कोणती चालते, फाइल कुठल्या फोल्डरात जाते, यूएसबीची परवानगी कुणाला, लायसन्स काय, हे कुणीतरी डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. तेच पॅकेजिंग.

ते बिघडलं तर काय होतं याचं उदाहरण देतो. उबुंटू या लिनक्सच्याच प्रकाराच्या २२.०४ आवृत्तीत फायरफॉक्स हा ब्राउझर ‘स्नॅप’ या बंदिस्त स्वरूपात आला. ब्राउझर ठीक, ओपनएससी ठीक, रीडरही ठीक. पण ब्राउझर आपल्या कुंपणात असल्यामुळे बाहेर ठेवलेलं कार्डाचं मॉड्यूल लोड करायला गेला की सुरक्षा नियम त्याला अडवत. कार्डाने लॉगिन करणारे अडकून पडले. चूक कुठल्याच प्रोग्रॅमची नव्हती, बांधणीची होती. अशी चूक हुडकणाऱ्या पोराला मी तरी रिकामटेकडा म्हणणार नाही.

आता नोकरीचं. ‘पॅकेजर’ नावाची जागा तुमच्या कॉलेजच्या कॅम्पस ड्राइव्हला येईल, या आशेवर राहू नका. मिहान या नागपूरच्या उद्योगक्षेत्रातल्या कंपन्यांच्या पहिल्या चाळणीत अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंगच असतं. पॅकेजिंगची बरीच मंडळी हे फुकटच करतात. रेड हॅट, सुसे, कॅनॉनिकल अशा कंपन्या पगार देतात, पण तिथे जागा मोजक्या. मात्र दुसऱ्याचा कोड वाचणं, तो न मोडता बांधणं, सिक्युरिटी दुरुस्ती वेळेत पोचवणं ही कामं रिलीज इंजिनिअरिंग (सॉफ्टवेअर बांधून बाहेर पाठवणं), डेव्हऑप्स (ते सर्व्हरवर चालतं ठेवणं) आणि एम्बेडेड (यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर) यांत रोजची आहेत. तिथे हा मुलगा मित्रांच्या दोन पावलं पुढे असेल.

अट एकच : काम दिसलं पाहिजे. डेबियनमध्ये नवख्याला थेट अपलोड करता येत नाही, एखादा अनुभवी डेव्हलपर त्याचं काम तपासून चढवतो. पण पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, नाव आणि तारीख मुलाचीच राहते. त्याला विचारा, ‘तुझं नाव कुठे आहे, दाखव.’ दाखवलं तर रोजचे दोन तास प्लेसमेंटच्या तयारीला बांधून घ्या आणि उरलेल्या वेळात त्याला खुशाल हे करू द्या. सहा महिन्यांत एकही नोंद नसेल, तर तो फक्त वाचतोय. मग प्लेसमेंटच आधी. आणि रात्रीचे दोन कशाला? जागरणाचं कौतुक मला कधीच कळलेलं नाही.

एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसा. रीडर लावून तो ‘पीसीएससी स्कॅन’ ही कमांड चालवेल. कार्ड आत सरकवलं की पडद्यावर आकड्या-अक्षरांची एक ओळ उमटेल, बहुधा ‘थ्री-बी’ने सुरू होणारी. कार्ड पहिल्याप्रथम जे बोलतं, ते हेच. पिन लागत नाही, तुमचं एटीएम कार्डसुद्धा चालेल. अशिलाचं टोकन मात्र घरी नेऊ नका.