वाचकांचे प्रश्न : अकोल्याचा उन्हाळा, जुना प्रोसेसर आणि नवा कूलर

प्रश्न : माझा संगणक २०११ साली घेतलेला आहे. त्यात इंटेलचा कोअर आय५-२५००के प्रोसेसर, झेड६८ चिपसेटचा मदरबोर्ड आणि प्रोसेसरच्या खोक्यातच मिळालेला मूळ कूलर आहे. लग्नसमारंभांच्या व्हिडिओंचे संपादन मी याच यंत्रावर करतो. ओव्हरक्लॉकिंग करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवून, वेग ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत न्यावा अशी इच्छा आहे; परंतु एप्रिल-मे महिन्यांत मूळ वेगावरच रेंडर करताना (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल बनवताना) तापमान ८५ अंशांवर जाते. दुकानदार पाण्यावर चालणारा कूलर सुचवतात. तो घ्यावा, की हवेवर चालणारा पुरेल?
— एक वाचक, अकोला

उत्तर : चार हीटपाइप (उष्णता वर वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या) आणि १२० मिलिमीटरचा फॅन असलेला, हवेवर चालणारा मध्यम आकाराचा टॉवर कूलर, म्हणजे पात्यांचा उभा मनोरा असलेला कूलर, आपल्याला पुरेल. मात्र अकोल्यात ४.५ गिगाहर्ट्झचा आग्रह धरू नये, ४.२ वर थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रोसेसरची उष्णता वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या बाबतीत ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपल्या प्रोसेसरचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ आहे. तो ४.५ वर नेण्यासाठी व्होल्टेज समजा १.२ वरून १.३५ करावे लागले, तर उष्णता जवळपास पावणेदोनपट होते. उलट ४.२ पर्यंत जाताना व्होल्टेज थोडेसेच वाढवावे लागते आणि उष्णता दीडपटीच्या आत राहते. शेवटच्या ०.३ गिगाहर्ट्झसाठी एवढी उष्णता पदरात घ्यावी, इतका फरक रेंडरच्या वेळेत पडत नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. कूलर हवेचा असो वा पाण्याचा, तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे नुसते तापमान न पाहता ते खोलीपेक्षा किती अंश वर आहे हे पाहावे. जानेवारीत खोलीत २५ अंश असताना प्रोसेसर ६० दाखवत असेल, तर फरक ३५ अंशांचा झाला. तेच काम मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत केले, तर आकडा ७७ च्या घरात जाईल आणि त्यात कूलरचा काहीही दोष नसेल. म्हणून ओव्हरक्लॉकिंगची चाचणी हिवाळ्यात उत्तीर्ण झाली, एवढ्यावर समाधान मानू नये. चिपच्या आतल्या गाभ्याचे तापमान ९८ अंशांवर गेले की हा प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करू लागतो. ऐन उन्हाळ्यात, पूर्ण भारावर, तो ८० च्या खाली राहील असे गणित मी धरतो. इंटेलच्या माहितीपत्रकातला ७२.६ अंशांचा आकडा वाचून काही जण घाबरतात, परंतु तो प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या झाकणावरील तापमानाचा आहे, गाभ्याच्या तापमानाचा नव्हे.

आपल्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. २५००के मध्ये चिप आणि वरचे झाकण यांच्यात धातूचे सोल्डर भरलेले आहे, त्यामुळे आतली उष्णता झाकणापर्यंत सहज पोहोचते आणि चांगल्या कूलरवर केलेला खर्च खरोखर दिसून येतो. २०१२ साली आलेल्या ३५७०के मध्ये त्या जागी उष्णता वाहून नेणारी साधी पेस्ट होती. तिथे कितीही मोठा कूलर लावला, तरी उष्णता झाकणाखालीच अडत असे. या कारणासाठी २५००के सारखा प्रोसेसर नीट जपून वापरावा असे मला मनापासून वाटते.

पाण्याचा कूलर मी सुचवणार नाही. त्यात पंप हा आणखी एक झिजणारा भाग येतो, नळ्यांतून द्रव वर्षानुवर्षे अगदी सावकाश उडून जातो आणि पंप बंद पडला की काम तिथेच थांबते. टॉवर कूलरमध्ये झिजण्यासारखा फॅन तेवढा एक असतो आणि तो बाजारात सुटा मिळतो. याच कारणाने जुना टॉवर कूलर सुस्थितीत मिळाला तर जरूर घ्यावा, मात्र मदरबोर्डच्या मागे बसणारी प्लेट आणि सगळे स्क्रू सोबत आहेत ना, हे पाहूनच पैसे द्यावेत.

घेण्यापूर्वी दोन मापे तपासावीत. आपले सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसण्याची जागा, एलजीए ११५५ आहे. त्याच्याभोवती कूलर बसवण्यासाठी असलेल्या भोकांमधले अंतर ७५ मिलिमीटर असते आणि ११५६, ११५०, ११५१ व १२०० या सॉकेटांचेही तेच. म्हणून खोक्यावर यांपैकी सॉकेटांची नावे असतील तर तो कूलर बहुधा बसेल, तरी यादीत ११५५ किंवा ११५एक्स लिहिलेले आहे याची खात्री करावी. केवळ १७०० लिहिले असेल तर घेऊ नये, कारण तिथे हे अंतर ७८ मिलिमीटर आहे.

दुसरे माप उंचीचे, आणि इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका जुन्या कॅबिनेटसाठी मी कूलर मापे न घेताच आणला. तो बसला उत्तम, पण कॅबिनेटची बाजूची झडप बोटभर उघडीच राहिली आणि संपूर्ण उन्हाळा धूळ आत जात राहिली. तेव्हापासून मी झडप काढून, कॅबिनेट आडवे ठेवून, प्रोसेसरच्या पातळीपासून कॅबिनेटच्या कडेपर्यंत पट्टीने अंतर मोजतो. कूलर मास्टरचा हायपर २१२ इव्हो १५९ मिलिमीटर उंच आहे, नॉक्टुआचा एनएच-डी१५ तर १६५ मिलिमीटर. जागा कमी निघाली तर ९२ मिलिमीटर फॅनचा कूलर पाहावा. नॉक्टुआचा एनएच-यू९एस १२५ मिलिमीटरच उंच आहे आणि ४.२ साठी तोही चालेल. रॅमच्या पट्ट्यांवर धातूची उंच पाती असतील तर कूलरचा फॅन त्यांना अडत नाही ना, हेही पाहावे.

मूळ कूलर काढण्याआधी संगणक दहा मिनिटे चालवून मग बंद करावा, म्हणजे वाळलेली पेस्ट मऊ होते. वीजजोडणी काढून, चारही प्लास्टिकच्या खुंट्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढाव्यात. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडक्याने पुसावी. ज्या कूलरच्या तळाला तांब्याच्या नळ्या उघड्या दिसतात, त्यांच्यातल्या फटी आधी पेस्टने भरून घ्याव्यात आणि मग प्रत्येक नळीवर पातळ रेघ ओढावी. मधोमध एकच ठिपका ठेवला तर पेस्ट फटींतच मुरते. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत जावेत.

टॉवर कूलरचा फॅन हवा कॅबिनेटच्या मागच्या फॅनकडे ढकलेल अशा दिशेने लावावा. मूळ कूलरची हवा खाली, मदरबोर्डवर येत असते आणि प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या आजूबाजूच्या भागांनाही ती थंडावा देते. टॉवर लावल्यावर ती सोय जाते, म्हणून मागचा फॅन चालू असलाच पाहिजे.

आपल्याकडे कूलर म्हटले की आधी खिडकीतला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आठवतो, आणि या कामात त्याचाही खरा उपयोग आहे. कोरड्या उन्हाळ्यात त्याने खोलीचे तापमान जेवढे उतरते, तेवढे प्रोसेसरचेही उतरते. मात्र संगणक त्याच्या थेट झोतात ठेवू नये. ओलसर हवेसोबत धूळ आत जाऊन कूलरच्या पात्यांमध्ये चिकटते आणि मग ती फुंकरीने निघत नाही.

प्रश्न : माझ्याकडे कोअर आय५-२४०० प्रोसेसर आणि एच६१ मदरबोर्ड आहे. चांगला कूलर घेतल्यास मलाही वेग वाढवता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. आपल्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे ज्या गुणकाने वेग ठरतो तो, कंपनीनेच मर्यादित केलेला आहे आणि एच६१ चिपसेटमध्ये तो वाढवण्याची सोय नाही. २५००के सारखा, नावात के अक्षर असलेला आणि मल्टिप्लायर मोकळा असलेला प्रोसेसर आणला तरी या बोर्डावर उपयोग होणार नाही. मूळ कूलरची धूळ साफ करून पेस्ट नव्याने लावावी, एवढे पुरेसे आहे. संगणकात अजून जुनी हार्ड डिस्क असेल, तर कूलरसाठी ठेवलेल्या पैशांतून एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) घ्यावी.