पूर्वी लाकडी पिंपांना लाकडाचीच कडी असायची. ती यंत्रावर कशी बनवत असत?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या एका जुन्या शेतघराच्या संग्रहालयात तुम्ही एक पिंप पाहिलं. त्याच्या उभ्या फळ्या आवळून धरायला लोखंडी पट्ट्यांऐवजी लाकडाची गोल कडी होती आणि पाटीवर फक्त ‘यंत्रावर बनवलेली कडी’ एवढंच लिहिलं होतं. लाकूड असं गोल वळवायचं काम यंत्र कसं करत असेल, हा तुमचा प्रश्न.

मी ओहायोत लाकूडकामाच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करतो. पण हा विषय मला कळला तो इथे नाही, आजोबांच्या अंगणात. आजोबा बुरूड. सुपं, टोपल्या, कणग्या करायचे. आख्खा बांबू हातात घेऊन ते कोयत्यानं त्याच्या कामट्या काढायचे तेव्हा मी शेजारी बसलेला असायचो. त्यांच्या हातांचं ते कसब आणि ही जुनी यंत्रं, या दोन्हींचा संबंध फार जवळचा आहे. तो पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. दारू किंवा तेल भरायची पिंपं वेगळी आणि पीठ, सफरचंदं, मीठ, चुना, सिमेंट, खिळे भरायची पिंपं वेगळी. पहिल्या प्रकारात थेंबही गळून चालत नाही, म्हणून त्यांना बहुतेक लोखंडी कडी. (फ्रान्समध्ये मात्र वाइनच्या पिंपांनाही चेस्टनटच्या लाकडाची कडी असत, आणि बोर्दोच्या काही पिंपांवर शोभेसाठी ती आजही चढवतात.) दुसऱ्या प्रकारचं पिंप म्हणजे त्या काळचं पुठ्ठ्याचं खोकं. माल पोचला की त्याचं काम संपलं. अमेरिकेत पिठाच्या एका पिंपात १९६ पौंड, म्हणजे जवळजवळ ८९ किलो पीठ मावायचं, आणि अशा एका पिंपाला सहा ते आठ कडी लागायची. एकदाच वापरायच्या वस्तूला एवढं लोखंड कोण घालणार? रानातलं लाकूड स्वस्त होतं. बंदुकीच्या दारूच्या पिंपांना लाकडी कडी लावायचं कारण वेगळं होतं. लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी पडली तर सगळाच खेळ खलास.

आपला ‘पीप’ हा शब्द पोर्तुगीज ‘पिपा’वरून आला. तेव्हा ही वस्तू आपल्याकडे कुठून आली हे वेगळं सांगायला नको. पण पिंप बांधायचा धंदा आपल्याकडे फारसा रुजला नाही, म्हणून त्याच्या अवजारांना मराठीत शब्दही नाहीत. मी साध्या शब्दांत सांगतो.

हाताचं कडं असं व्हायचं. हिवाळ्यात पानं झडून झाडातला रस उतरला की हिकरी (अक्रोडाच्या कुळातलं झाड), अ‍ॅश किंवा पांढऱ्या ओकची मनगटापेक्षा बारीक, सरळ रोपटी तोडायची. या काठ्यांना हूप-पोल, म्हणजे कड्यांच्या काठ्या, म्हणत. इलिनॉय राज्यात हूपपोल नावाचं गाव आहे, ते याच काठ्यांवरून. इंग्लंडमध्ये हेझलची झाडं बुंध्याशी छाटत, मग बांबूच्या बेटातून कोंब यावेत तसे त्यांना नवे सरळ कोंब फुटत, आणि काही वर्षांनी तेच तोडत. शेतकऱ्याला हिवाळ्यात दुसरं काम नसायचं, त्यामुळे काठ्या तोडून विकणं हा त्याचा जोडधंदा होता.

काठी मधोमध उभी चिरायची. पायानं दाबता येणारा ठोकळा बसवलेल्या बाकावर ती अडकवायची आणि दोन मुठींची लांब सुरी स्वतःकडे ओढत आतली बाजू सपाट तासायची. बाहेरची साल तशीच ठेवायची. मग भिजवून वाकवायचं आणि दोन्ही टोकांना उलटसुलट खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवायच्या. ओढ जितकी वाढेल तितकी ती अडकण घट्ट बसते. खिळा लागत नाही.

यात सगळ्यात अवघड काम चिरण्याचं. आजोबांच्या हाताशी याचा संबंध येतो तो इथे. बांबू असो की हिकरीची काठी, पाते आत घातल्यावर चीर मधोमधच जाईल असं नाही. ती एका बाजूला पळू लागते. एक फाक जाड, दुसरी बारीक होत जाते आणि शेवटी बारीक फाक टोकाआधीच सुटून येते. आजोबा अशा वेळी कोयता जागेवर धरायचे आणि जाड फाक खाली दाबून वाकवायचे. ज्या बाजूला जास्त बाक, त्या बाजूला चीर वळते. दोन-तीन इंच तसं दाबलं की चीर परत मध्यावर. हे सगळं अर्ध्या श्वासात व्हायचं, आणि त्यांचं लक्ष तेव्हा बहुतेक माझ्याशी बोलण्यात असायचं. मी स्वतः करायला गेलो तेव्हा कळलं की डोळ्यांना चीर वळलेली दिसायच्या आधी ती हाताला कळावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? उभं चिरलेल्या लाकडात तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. कडं वाकवताना ताण त्या तंतूंवर येतो. तंतू मध्येच तुटलेला असेल तर कडं तिथेच मोडतं. करवत तंतू बघत नाही, ती सरळ रेषेत कापत जाते. काठी जराशी वाकडी असली तरी करवतीनं तंतू आडवे छेदले जातात.

या कामासाठी १९व्या शतकात अमेरिकेत अनेकांनी यंत्रं काढली, पेटंटं घेतली. त्यांची सर्वसाधारण रचना अशी. दोन दातेरी रूळ काठीला पकडून पुढे ढकलतात. समोर एक पक्कं बसवलेलं पातं, ते काठी दुभागतं. त्यापुढे आणखी एक पातं फाकेची आतली बाजू तासतं. रुळांना स्प्रिंग किंवा वजन लावलेलं, म्हणजे काठी बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक असली तरी रूळ वर-खाली होऊन पकड सोडत नाहीत. ही स्प्रिंगची कल्पना मला फार आवडते. ज्यानं ती पहिल्यांदा केली त्यानं आपला हात काठीवर कसा फिरतो हे नीट पाहिलं असणार.

पण स्प्रिंगला जाडी कळते, चीर कुठे चालली ते कळत नाही. जाड फाक ओळखून तेवढीच दाबणारा हात या यंत्रात नव्हता. गाठ आली, काठीला बाक असला, की पातं तंतू सोडून आपल्या वाटेनं जायचं. म्हणून चांगल्या, सरळ काठ्या निवडूनच घालाव्या लागायच्या, आणि निवडलेली काठी तर सराईत माणूस हातानंही भराभर चिरायचा. यंत्राचा फायदा तिथेच अर्धा व्हायचा.

खरा बदल झाला तो १९व्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत. माझ्या मते या सगळ्या कथेतली सगळ्यात हुशारीची गोष्ट तीच. यंत्राला काठी जमत नव्हती, तर लोकांनी काठीच सोडली आणि एल्मचे ओंडके घेतले. एल्म म्हणजे आपल्याकडच्या वावळ्याच्या कुळातलं झाड. ओहायो, इंडियाना, मिशिगन आणि कॅनडातलं ओंटारिओ या पट्ट्यात ते भरपूर होतं. एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. कुऱ्हाडीनं एल्मचा ओंडका फोडायला गेलात तर हात दुखतील पण तो दुभंगणार नाही. हिकरीचा गुण सरळ चिरण्यात, तर एल्मचा न चिरण्यात. म्हणूनच करवतीनं कापलं तरी एल्मचं कडं सहज फाटत नाही, आणि उकळून काढलं की चामड्यासारखं वळतं.

कारखान्यातलं काम मग असं चालायचं. ओंडक्याच्या फळ्या पाडायच्या, फळीची जाडी कड्याच्या रुंदीएवढी, साधारण दीड इंचाच्या आत. फळ्या वाफेवर किंवा गरम पाण्यात मऊ करायच्या. मग जड पात्याचं यंत्र त्यातून, सुरीनं खरवस कापावा तशा, एकामागून एक पट्ट्या काढायचं. काही कारखाने पात्याऐवजी करवत वापरत. पट्टीची एक कडा जाड, दुसरी बारीक ठेवत. पिठाच्या पिंपासाठी एक माप होतं जाड कडा ५/१६ इंच आणि बारीक ३/१६. पट्टी रंधून झाली की दुसऱ्या यंत्रावर तिचं एक टोक निमुळतं करायचं आणि दुसरं पातळ, म्हणजे टोकावर टोक चढवल्यावर उंचवटा राहत नाही. शेवटी पुन्हा गरम पाण्याचं टाकं, आणि तिथून निघाल्या निघाल्या फिरत्या ढोलावर गुंडाळणं. ढोलात टोक अडकवलं, ढोल फिरवला, पहिल्या पट्टीचं टोक संपतंय तोवर दुसरी सरकवली. अशी एकावर एक पट्ट्या चढलेली गुंडाळी तशीच वाळवायची. ती जिथे हवी तिथे आगगाडीनं जायची. पिंपवाल्याला काठ्या चिरायचं कारणच उरलं नाही.

ही यंत्रं बनवणाऱ्या कंपन्याही याच भागातल्या. ओहायोतल्या डिफायन्स गावची डिफायन्स मशीन वर्क्स गाड्यांच्या चाकांचे तुंबे, आरे आणि पिंपाची कडी बनवायची यंत्रं करत असे. ओंटारिओच्या सीमेवरच्या बफेलो शहरातली ई. अँड बी. होम्स कंपनी पिंपाच्या फळ्या-झाकणांच्या यंत्रांसाठी नावाजलेली होती.

माझ्याकडे अशी एक गुंडाळी आहे. इथल्या एका शेताच्या लिलावात मिळाली. अकरा कडी, बाहेरचं राखाडी झालेलं, आतली अजून मधाच्या रंगाची. पहिलं कडं मी तसंच कोरडं उलगडायला गेलो आणि ते हातभर अंतरावर टचकन मोडलं. फार वाईट वाटलं. दुसरं रात्रभर भिजवलं, सकाळी तासभर मोठ्या पातेल्यात उकळलं. ते हळूहळू सैल झालं आणि हातात वळू लागलं. मोजून पाहिलं तर साडेपाच फुटांच्या थोडं वर भरलं. अमेरिकेत १९१५ साली सफरचंदांसारख्या मालाच्या पिंपांचं माप कायद्यानं ठरवलं गेलं, त्यात पिंपाच्या पोटाचा बाहेरचा घेर ६४ इंच आहे, म्हणजे पाच फूट चार इंच. टोकं एकमेकांवर चढवायला दोन-तीन इंच सोडले की हिशेब बरोबर बसतो. पातळ केलेल्या टोकाजवळ रंध्याच्या पात्याच्या बारीक आडव्या लाटा बोटाला लागतात. फिरत्या पात्याखालून गेलेल्या लाकडावर त्या उमटतातच. आजोबांच्या कामटीवर कधीच नसायच्या.

हा धंदा पुढे फार टिकला नाही. पिठाची राजधानी झालेल्या मिनियापोलिसमध्ये पिंप बांधणारे कारागीर इतके होते की १८७४ मध्ये त्यांनी स्वतःची सहकारी कंपनी काढली. पण पीठ कापडी पिशव्यांत आणि तागाच्या गोण्यांत जाऊ लागलं, त्यातला ताग बंगालचा. नंतर पुठ्ठ्याची खोकी आली आणि कड्यांना गिऱ्हाईकच उरलं नाही. १९३० मध्ये युरोपातून आलेल्या ओंडक्यांबरोबर एल्मचा बुरशीचा रोग याच ओहायोत पोचला आणि पुढच्या काही दशकांत मोठे एल्म गेले. माझ्या गुंडाळीतलं लाकूड आता विकत घ्यायचं म्हटलं तरी सहज मिळणार नाही.

तुम्ही पाहिलेल्या पिंपाबद्दल आता. फोटो असेल तर मोठा करून बघा. कड्याच्या बाहेरच्या अंगाला साल असेल, पाठ अर्धगोल असेल आणि टोकं खाचांनी अडकवलेली असतील, तर ती काठीची कडी, आणि पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तासणी बहुधा हाताची. कडी सपाट, सगळी एकसारखी, साल नाही, टोकावर टोक चढवून बारीक खिळे मारलेले असतील, तर पाटी बरोबर, ती एल्मची. आणि साल असूनही आतली बाजू टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीनं तासलेली दिसली, तर ती कदाचित त्या स्प्रिंगवाल्या रुळांच्या यंत्रातून गेलेली असेल. तसं असेल तर फोटो इथे नक्की टाका. मला तसं कडं अजून प्रत्यक्ष बघायला मिळालेलं नाही.